खाऱ्या वाऱ्याची रोपं

उंडी फुललेली असली की ती दिसायच्या आधी कळते. गोडसर वास येतो, घशाशी जरा रेंगाळतो, आणि मग माणूस मान वर करून झाड शोधायला लागतं. मला शोधायची गरज नव्हती. परवा माघात भिवपुरीला वीजघराच्या कॉलनीत एका लग्नाला गेले होते. जेवून लगेच निघायचं असं घरूनच ठरवलं होतं. पण मांडवातून बाहेर पडले आणि पाय मागच्या चाळीकडे वळले. शेवटून तिसरी खोली आमची. दाराला आता निळा रंग आहे, कौलांवर टीव्हीची काडी आहे, आणि आत कोण राहतं ते मला माहीत नाही. मी दाराकडे पाहिलंच नाही, सरळ मागच्या अंगाला गेले.

तिथे उंडी उभी होती. एका बाजूला साग, दुसऱ्या बाजूला ऐन, खाली करवंदीच्या जाळ्या, वर घाटाची काळी भिंत, आणि या सगळ्यात समुद्रकाठचं एक झाड. पानं जाड, चकचकीत, तेल लावून पुसल्यासारखी. खाली पांढऱ्या फुलांचा सडा. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईनं मला त्या झाडाखाली उभं पाहिलं आणि विचारलं, "कसलं झाड हाय वो ह्ये? गुरं तोंड नाय लावत त्याला."

"उंडी आहे. माझ्या वडलांनी लावलंय."

"हितं कशाला लावलं?"

बाईचा प्रश्न सरळ होता. मी मात्र "असंच" म्हणाले आणि एक फूल उचलून रुमालात बांधलं.

बा वीजघराच्या बागेत माळी होता. साहेबांच्या बंगल्यांपुढचं कोयनेलचं कुंपण तो असं कापायचा की वरून पाण्याची पातळी धरून बघावी. कर्दळ, गुलाब, क्रोटन, डुरांटा, जास्वंद, सगळं त्याच्या हातचं. झाडाला हात लावायच्या आधी तो हात धोतराला पुसायचा, मग ते हात मातीनं भरलेले असोत की नुकतेच धुतलेले. अक्षर त्याला एक येत नव्हतं. आम्ही धर्म बदलला तेव्हा माझी थोरली बहीण, ताई, सातवीत होती, आणि त्या वर्षी बानं घरात जाहीर केलं होतं की ही पोरगी शिकेल तिथवर शिकेल, मग तो उपाशी राहील पण तिचं दप्तर रिकामं राहणार नाही. ताई शिकली, शिक्षिका झाली. ज्या दिवशी तिचा नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी बानं तो उलटा धरून कॉलनीभर दाखवला. कुणीही त्याला सांगितलं नाही की कागद उलटा आहे. एवढं मन त्या कॉलनीला होतं.

नेमणूक समुद्रकाठच्या एका गावी झाली. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, पेणच्याही पलीकडे, खाडी ओलांडून. गावाचं नाव मी लिहीत नाही. ताईला गावात खोली मिळाली नाही. का, ते तिनं पत्रात लिहिलं नाही, आणि आमच्या घरात कुणी विचारलंही नाही. शाळेच्या मागे, वाळूच्या उंचवट्यावर एक जुनी एकटी खोली होती, ती तिला मिळाली. समुद्राकडे तोंड. मध्ये एक झुडूपसुद्धा नाही.

तिचं पहिलं पत्र मला अजून दिसतं. कागद हाताला खरखरीत लागत होता, कारण त्यावर बारीक वाळू होती. "इथे वारा थांबत नाही," तिनं लिहिलं होतं. "भाताच्या घासात वाळू येते. कंदील दिवसा पुसून ठेवला तर संध्याकाळी काचेवर मिठाचा थर असतो. शाळेपुढे मुलांकडून झेंडू लावून घेतला होता. आठ दिवसांत पानं कडेनं जळली, विस्तवाजवळ धरल्यासारखी. बा, तुम्ही असता तर काय लावलं असतं?"

बानं ते वाक्य मला तीन वेळा वाचायला लावलं. मग तो उठून मागच्या दारी गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसला. आई म्हणाली, "आता ह्येला जेवान लागनार नाय."

अडचण अशी होती की बानं समुद्र पाहिलाच नव्हता. त्याचं सगळं आयुष्य घाटाच्या पायथ्याशी गेलेलं. वारा त्याला माहीत होता, पण खारा वारा म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या जैनबचाचीकडे गेला. चाचीचा नवरा वीजघरात फिटर. ती माहेरची श्रीवर्धनकडची, आणि समुद्राचं नाव काढलं की बोलता बोलता तिचे हात लाटांसारखे पुढे-मागे व्हायचे.

"भाऊ, तुमची ती गुलाब-मोगऱ्याची थेरं तिथे नाय चालायची," चाचीनं बाला पहिल्या वाक्यातच गार केलं. "दर्याकडनं पयली सुरूची रांग. मागनं उंडी. उंडीच्या मागं भेंडीचं झाड, भाजीची भेंडी नाय, ती पिवळ्या फुलाची मोठी. वाळूवर मर्यादवेल सोडायची, ती वाळू धरून ठेवते. बाजूला कण्हेर. एवढं झालं की मग पोरीला काय ते फूल लावू दे."

"आन पयल्या रांगंचं काय व्हतं?" बानं विचारलं.

"ती मार खाते. आडवी होते, जळते, वाकडी वाढते. तिचं कामच ते."

बा घरी आला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. माळ्याचं मन ऐकीव गोष्टीवर बसत नाही. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं की कुठलं पान मीठ सोसतं. चाचीनं माहेरच्या माणसाकडून उंडीच्या बिया आणवून दिल्या, गोट्यांएवढ्या, कडक. सुरूची रोपं बानं कुठूनशी मिळवली. भेंडीच्या फांद्या आल्या. कण्हेर कॉलनीत होतीच. मागच्या अंगणात वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांची आणि फुटक्या घागरींची रांग लागली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात समुद्र तयार व्हायला लागला.

तो असा व्हायचा. पेणच्या मिठागरातलं जाडं मीठ गोणीनं आणलेलं. मोठ्या घंगाळात पाणी. बा मुठीनं मीठ सोडायचा, काठीनं ढवळायचा, मग बोट बुडवून जिभेला लावायचा. त्याला समुद्राची चव कुठे माहीत? म्हणून चाचीला बोलावणं जायचं. ती पदर खोचून यायची, बोट बुडवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "नाय भाऊ. ही खाडी झाली. दर्या अजून लांब हाय." बा आणखी एक मूठ सोडायचा. मलाही चाखायला मिळायचं, आईला मिळायचं. आई थुंकायची आणि म्हणायची, "सैपाकाला ठिवा वाईच. का समदं झाडास्नीच घालनार?" शेवटी चाचीच्या कपाळावरची आठी सुटायची. "हां. हा दर्या."

संध्याकाळी बा शिंदीची केरसुणी त्या पाण्यात बुडवायचा आणि रोपांवर झटकायचा. कुंकवाचे शिंतोडे उडावेत तसे बारीक थेंब उडायचे, उतरत्या उन्हात चमकायचे. वाळल्यावर पानावर पांढरे ठिपके राहायचे. ओल्या मातीचा, मिठाचा आणि केरसुणीचा असा एक मिळून वास त्या अंगणाला असायचा. तो मी पुन्हा कुठे घेतलेला नाही.

त्यानं साहेबांच्या बागेतली झाडंही परीक्षेला बसवली. जास्वंद तिसऱ्या दिवशी गेली. डुरांटानं आठवडा काढला. गुलाबाचं तर नावच नको. मोगऱ्यानं फार वाट पाहायला लावली, कारण ताईला मोगरा आवडायचा आणि बा त्याला जरा कमी शिंतोडे मारायचा. ते मी पाहिलं होतं. तोही मेला. राहिली ती उंडी, सुरू, भेंडी, कण्हेर, सदाफुली, आणि साहेबांच्या भिंतीवरची ती काटेरी बोगनवेल. बा त्यांच्यासमोर उकिडवा बसून पानं बोटांत चोळायचा. "बघ बाय," तो मला म्हणायचा, "ज्येचं पान जाड हाय, नायतर ज्येला पानच नाय, सुईवानी हाय, त्ये टिकतंय. पातळ कातडीचं मरतंय."

पण मीठ सोसलं म्हणजे वारा सोसला असं नाही. म्हणून उरलेले डबे त्यानं टेकाडावर नेले. घाटातून पाण्याचे मोठे नळ खाली उतरतात त्यांच्या बाजूला एक उघडं टेकाड आहे. तिथे वारा असा असायचा की बोललेलं तोंडातच राहावं. बानं एकाही रोपाला काठी बांधली नाही. "हलू दे. हाललं की खोड जाड व्हतं. काठी दिली की त्ये काठीच्याच जिवावर वाढतंय." प्रत्येक डब्याला वाऱ्याच्या बाजूनं चुन्याचं एक बोट ओढलेलं. त्या बोटाची बाजू समुद्राकडे करूनच रोप जमिनीत जायला हवं, ज्या अंगानं मार खायची सवय आहे ते अंग पुढे. डबा कुणी चुकून फिरवला तर बा असा खवळायचा की जणू कुणी ताईलाच पाठमोरं केलं.

कॉलनीत हसं झालं. "काय रं, लोनचं घालतोस काय झाडांचं?" लोक विचारायचे. बाला राग यायचा नाही. "व्हय," तो म्हणायचा, "पोरीला धाडायचं हाय. मुरू दे."

असे दोन उन्हाळे गेले, मधला एक पावसाळा गेला. त्या दिवसांत आमच्या घरात ताई नव्हती, आणि तरी प्रत्येक संध्याकाळी होती. केरसुणी झटकली की बा हळूच काहीतरी पुटपुटायचा. एकदा जवळ जाऊन ऐकलं. तो झाडांना सांगत होता, "आता दर्या आला. घ्या अंगावर."

ताईची पत्रं महिन्याला एक यायची. ती वाचायचं काम माझं. मला वाचायला ताईनंच शिकवलेलं, चुलीपुढे राखेत अक्षरं काढून. घरात वाचता येणारी मी एकटी, वय बारा, आणि त्याचा तोरा मोठा. आई चूल सोडून यायची, बा हात पुसून बसायचा, चाचीसुद्धा दारात टेकायची, आणि मी घसा साफ करायचे. मी पत्रात थोडं इकडे-तिकडे करायचे, हे खरं सांगायला हवं. "बायला अभ्यासाला बसवत जा" हे वाक्य ताई दर वेळी लिहायची आणि ते मी दर वेळी गाळायचे. "आईला नमस्कार" असेल तिथे मी "आईची फार आठवण येते" घालायचे, कारण मग आई पदर डोळ्याला लावायची आणि मला गूळ मिळायचा. ऐकणाऱ्यांना कळायला मार्ग नव्हता. कागदावर काय आहे हे फक्त मला आणि ताईला माहीत, आणि ताई खाडीपलीकडे.

जेठात एक पत्र आलं. तो दिवस बाचा होता. तेवीस डबे जगले होते. आख्खा उन्हाळा मीठ खाऊन, टेकाडावरचा वारा खाऊन तेवीस रोपं हिरवीगार उभी होती, आणि पेणहून मीठ घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यानं रिकाम्या गाडीतून डबे न्यायला हो म्हटलं होतं. बा डब्यांच्या रांगेत बसला होता. त्याच्या गुडघ्यावर चुन्याचा डाग होता. "वाच," तो म्हणाला, आणि हसत होता. बा असा हसताना क्वचितच दिसायचा.

पत्र लहान होतं. शाळा, हजेरी, विहीर लांब पडते ते. आणि मग एक ओळ, बाकीच्या ओळींपेक्षा जरा खाली, वेगळी बसल्यासारखी. मी ती डोळ्यांनी वाचली. मग बाकडे पाहिलं. मग तिच्याखालची ओळ वाचायला लागले, "सर्वांनी प्रकृतीला जपावे."

एवढंच झालं. इतक्या वर्षांत मी स्वतःला शंभर कारणं सांगून पाहिली. बाचा चेहरा पडलेला मला बघवला नसता. तेवीस डब्यांचं काय झालं असतं. मी लहान होते. उद्या सांगू असं वाटलं. झाडं लागली की ताईला बरं वाटेल, मग त्या ओळीला अर्थ उरणार नाही. यातलं खरं कुठलं ते मला माहीत नाही. मला फक्त माझा आवाज आठवतो. तो जराही अडखळला नाही. पत्र मी त्याच दुपारी चुलीत घातलं, आईची पाठ वळली तेव्हा.

आषाढ सरताना बा डबे घेऊन निघाला. ट्रकमध्ये डबे ओल्या गोणपाटात उभे केलेले, बा त्यांच्यामध्ये बसलेला, एक हात या डब्यावर, एक त्या डब्यावर. पेणहून पुढे गाडी बदलून, मग होडीनं. आठ दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्या ओठांना भेगा पडल्या होत्या, कानांच्या पाळ्या सोलवटलेल्या होत्या, आणि डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. समुद्र पाहून आला होता. सगळं सांगायला त्याला दोन दिवस लागले. सुरू कुठे लावली, उंडी कुठे लावली. खड्डा खणला की वाळू पुन्हा आत कशी ढासळायची, म्हणून खाली शेण आणि कुजलेलं शेवाळ कसं दाबलं. रोपाच्या पुढ्यात नारळाच्या झावळ्या कशा रोवल्या. चुन्याचं एकेक बोट बघून कसं लावलं. सकाळी पानं गोड्या पाण्यानं धुवायला ताईला कसं शिकवलं.

"आन पोर कशी हाय?" आईनं विचारलं.

"बरी हाय. गप हुती. दमत असंल. चार दीस माज्याबरूबर राबली, पर बोलली नाय फारशी." मग तो जरा हसला. "निगताना हुडीपातुर आली. म्हनली, बा, माझं पत्र मिळालं हुतं ना? म्या म्हनलो, मिळालं की. बायनं वाचून दावलं. म्हनून तर आलो!"

"मग?"

"मग काय. बरं म्हनली. पाया पडली."

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले. खडे कुठले आणि तांदूळ कुठले ते मला दिसेनासं झालं. ताईला वाटलं असणार की बानं ती ओळ ऐकली. ऐकली, आणि उत्तर म्हणून झाडं घेऊन आला. झाडं लावली आणि एकटाच परत निघाला.

त्यानंतर तिच्या पत्रांत ती ओळ कधी आली नाही. पत्रं झाडांची झाली. "तीन सुरू गेल्या, बाकीच्यांनी धरलं." "उंडीला नवी पानं आली, तांबूस आहेत, मग हिरवी होतात." "मर्यादवेल दारापर्यंत आली, जांभळी फुलं आहेत." मी ती शब्दन् शब्द वाचायचे, एक अक्षर न गाळता. अगदी "बायला अभ्यासाला बसवत जा" हेसुद्धा. बा डोळे मिटून ऐकायचा. त्याच्या तोंडून जाणारी उत्तरं मीच लिहायचे. तीनदा मी उत्तराच्या खाली माझ्या मनाचं लिहायला घेतलं. ताई, बाला ते माहीत नाही. ताई, मी ते वाचलंच नाही. एकदा तर पाकीट डकवलंही होतं. मग फाडून पुन्हा लिहिलं, त्या ओळीवाचून. दिवाळीच्या सुट्टीत ती येईल तेव्हा तोंडानं सांगेन असं ठरवलं. दिवाळीत ती आली नाही. उन्हाळ्यात आली, चार दिवस, आणि त्या चार दिवसांत ती माझ्या वेण्या घालत बसली, टेकाडावर जाऊन आली, चाचीकडे जाऊन समुद्राबद्दल बोलली. मला सांगायला चार दिवस पुरले नाहीत, असं म्हणू या. ती जाताना मी एसटीच्या खिडकीशी उभी होते. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. तळवा खरखरीत झाला होता.

पुढच्या श्रावणात निरोप आला. ताप. खाडीला उधाण, होडी बंद, डॉक्टर पलीकडे. बा निघाला तो तिसऱ्या दिवशी पोचला. सगळं आटोपलं होतं. शाळेतल्या मुलांनी त्याला तिची पेटी दिली आणि झाडं दाखवली. उंडी त्याच्या गुडघ्याएवढी झाली होती. वारा तिच्यावरून जात होता, आणि खोलीत वाळू येतच होती. हे बानं कधी सांगितलं नाही. त्याच्याबरोबर गेलेल्या चाचीच्या नवऱ्यानं सांगितलं.

आमच्या घरी पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली, त्रिशरण झालं, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. मी सगळ्यांबरोबर म्हटलं. माझा आवाज तेव्हाही अडखळला नाही.

आणि मग, भादव्यातल्या एका उघडीपीच्या संध्याकाळी, मागच्या अंगणात केरसुणी झटकल्याचा आवाज आला. आई चुलीपुढून उठली. बा घंगाळाशी होता. त्यानं नवे डबे भरले होते, नव्या बिया टाकल्या होत्या. आई दारात उभी राहून बघत राहिली. "कुनासाठी?" एवढंच ती म्हणाली. बानं मागे पाहिलं नाही. बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणखी एक मूठ मीठ सोडलं. चाचीला त्यानं आता बोलावलं नाही. चव त्याला कळायला लागली होती.

तो निवृत्त होईपर्यंत दर वर्षी आमच्याकडे समुद्र तयार होत राहिला. रोपं वाढायची, टेकाडावर जायची, वारा खायची, आणि कुठेच जायची नाहीत. कुणी हसायचं नाही आता. कॉलनी त्या अंगणावरून जाताना आवाज हळू करायची. काही रोपं मरायची, काही बा रेल्वेच्या कडेला लावून यायचा, आणि एक त्यानं आमच्याच खोलीमागे लावलं. मी शिक्षिका झाले नाही. सगळे म्हणत होते तरी. मुलांसमोर पुस्तक हातात धरून मोठ्यानं वाचायचं, ही कल्पनाच मला सोसवेना. मी कर्जतला कचेरीत लागले, तिथे कागद मनातल्या मनात वाचले तरी चालतं. पण कधी कुणी माझ्याकडे एखादा अर्ज घेऊन येतं, म्हणतं, "बाई, जरा वाचून दावा की, काय लिवलंय," आणि मला ताईचा आवाज ऐकू येतो. रडवेला नाही. नेहमीचा, शाळेतला, स्वच्छ. ती फक्त ती एक ओळ म्हणते, आणि गप्प होते, होडीपाशी झाली होती तशी. हे एकवीस वर्षं चाललंय.

परवा लग्नाहून मी दुपारची घरी आले. आई जाऊन पाच वर्षं झाली, बा माझ्याकडेच असतो. पंचाहत्तरीचा झाला असेल. कान शाबूत, डोकं शाबूत, नजर तेवढी कमी झालीय. तो ओट्यावर बसला होता. मी रुमाल सोडला. त्यानं बघायच्या आधीच मान वर केली. "उंडी," तो म्हणाला.

"हो. आपल्या मागची."

"मोठी झाली आसंल."

"कौलांच्या वर गेलीय, बा."

त्यानं फूल तळहातावर घेतलं. म्हणाला, "तिकडली झाडं त्याहून मोठी आसतील. वारा आडत आसंल आता." आणि मला त्याच्या तोंडावर तेच हसू दिसलं, तेवीस डब्यांच्या रांगेतलं. ते हसू मला सहन झालं नाही. मी त्याच्यापुढे खाली बसले आणि सांगून टाकलं. जेठातलं पत्र, खालची ओळ, चूल, सगळं. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, त्याच्या पायांकडे बघत होते. भेगा पडलेल्या टाचा, त्यांत अजून माती.

सांगून झालं. रस्त्यावरून एक टेंपो गेला. बा ओरडला नाही, रडला नाही. मला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. तेही तो म्हणाला नाही.

"वाच," तो म्हणाला.

"पत्र नाही, बा. मी जाळलं."

"पाठ आसंल तुला. वाच."

मी मांडी घातली. घसा साफ केला. हात रिकामे होते तरी समोर धरले गेले. आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्यानं वाचलं. "बा, मला इथे राहवत नाही. कारण विचारू नका. एकदा या आणि मला घरी घेऊन जा."

मधेच आवाज फुटला, पण ओळ पुरी केली.

बानं ऐकलं, डोळे मिटून, पूर्वी ऐकायचा तसं. मग फूल हळूच ओट्यावर ठेवलं, हात धोतराला पुसले आणि भिंतीला धरून उठला. आत जाऊन त्यानं खुंटीवरचा सदरा काढला. त्याला बटणं सापडत नव्हती. मी पुढे झाले तर त्यानं माझा हात बाजूला केला, स्वतःच एकेक लावलं, गळ्यापर्यंत. मग टोपी घेतली. तो भ्रमात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. ताई गेली आहे हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"पेनची गाडी कितीची हाय?" त्यानं विचारलं.

"साडेचारची आहे, बा."

"मग चल बिगी बिगी," तो म्हणाला. "पोर वाट बघती."

मी दाराला कुलूप लावलं आणि चपला घातल्या.